चवथीआधी वाड्यावरच्या एक्स्टेंशन बोर्डांची तपासणी: प्रकल्प नोंदी

१३ जुलै २०२५

काम: गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका वाड्यावर (वस्तीवर) देवळाच्या सभामंडपात वापरात असलेले सगळे एक्स्टेंशन बोर्ड, लांब वायरी आणि प्लग तपासणे, दुरुस्त करणे, दुरुस्तीपलीकडचे कापून बाद करणे. वाड्यावरच्या घरांतून जे आणून देतील तेही याच रांगेत. मुदत २४ ऑगस्ट. चवथ (गणेश चतुर्थी) २७ ऑगस्टला आहे आणि शेवटच्या दोन दिवसांत माटोळीची (गणपतीवर टांगलेल्या, फळं-पानं बांधलेल्या लाकडी चौकटीची) रोषणाई, ध्वनियंत्रणा आणि स्वयंपाकघर अशा तिन्ही बाजूंनी बोर्डांची ओढाताण सुरू होते. त्या घाईत कुणी वायर तपासत नाही, हाताला लागेल ती जोडतो.

क्रम ठरला आणि तो मोडायचा नाही: आधी डोळ्यांनी पाहायचं, मग उघडायचं, मग मीटर लावायचा. या तिन्हींतून पार पडली तरच वायर विजेला जोडायची. एरवी हा क्रम उलटा असतो. बोर्डात दिवा लावतात, पेटला की बोर्ड चांगला. पण दिवा पेटायला दोनच तारा लागतात. त्या उलटसुलट असल्या तरी तो पेटतो, अर्थची (जमिनीला जोडलेली, संरक्षणाची) तार नसली तरी पेटतो, तांब्याच्या दोनतीन तंतूंवर सगळा जोड लोंबकळत असला तरीही पेटतो. जीव घेणारे दोष नेमके हेच, आणि दिवा यातला एकही दाखवत नाही.

साहित्य: मल्टीमीटर, ५०० आणि २५० व्होल्ट अशा दोन रेंजचा मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजायचं यंत्र), क्लॅम्प मीटर, इन्फ्रारेड थर्मामीटर, सिरीज दिव्याचा बोर्ड, दोन टोकांचा टेस्ट लॅम्प, स्ट्रिपर, फेरूल (तारेच्या टोकावर घालायची धातूची नळी) दाबायची पकड. निऑनचा टेस्टर पेटीत आहे, पण निर्णय त्याच्यावर घ्यायचा नाही. फेजच्या (वीज आणणाऱ्या जिवंत तारेच्या) शेजारून जाणाऱ्या तुटक्या तारेवरही तो मिणमिणतो, आणि रबरी चप्पल घालून कोरड्या लाकडी स्टेजवर उभं राहिलं तर खऱ्या फेजवरही इतका मंद पेटतो की दिवसा दिसत नाही.

प्रत्येक वायरीला टेपवर क्रमांक. वहीत लांबी, तारेची जाडी, पदर (आतल्या वेगळ्या तारा) किती, प्लगचा प्रकार, मीटरची आकडेवारी, निर्णय. बाद ठरलेल्या वायरीचा प्लग त्याच दिवशी मुळापासून कापायचा. कोपऱ्यात ठेवलेली बाद वायर पुन्हा वापरात येते.

२० जुलै

पहिला आणि सर्वांत मोठा गट: प्लग तीन पिनांचा, बोर्डावर सॉकेट तीन भोकांचे, मधली वायर मात्र दोन पदरी. अर्थच्या जाड पिनेला आत काहीही जोडलेलं नाही. बाहेरून काहीच कळत नाही, उघडल्याशिवाय किंवा मीटर लावल्याशिवाय कळणारही नाही.

यातल्या काही बोर्डांत चारही सॉकेटांची अर्थ एका पितळी पट्टीने एकमेकांना जोडलेली आहे आणि ती पट्टी पुढे कुठेच जात नाही. अर्थ अजिबात नसण्यापेक्षा हे वाईट. सभामंडपातलंच उदाहरण घेऊ. एका बोर्डावर भजनाचा अॅम्प्लिफायर आणि शेजारी चहासाठी पाणी तापवायची किटली. किटलीच्या एलिमेंटचं इन्सुलेशन गेलं की तिच्या धातूच्या अंगावर फेज येते. अर्थ पुढे जोडलेली असती तर करंट तिकडे वाहून एमसीबी (करंट फार वाढला की पडणारा स्विच) किंवा आरसीसीबी (करंट बाहेर गळला की पडणारा स्विच) पडली असती. इथे वाट बंद आहे, म्हणून तो २३० व्होल्टचा दाब पट्टीवरून अॅम्प्लिफायरच्या पत्र्यावर येतो आणि तिथून मायकच्या वायरीच्या जाळीतून मायकच्या धातूवर. गायक किटलीपासून वीस हात लांब, ओल्या लादीवर अनवाणी बसलेला. त्याच्या हातातला मायक जिवंत, आणि किटली अजून व्यवस्थित पाणी तापवते आहे.

दोष नसतानाही अशा बोर्डावर झिणझिण्या येतात. कॉम्प्युटर, सेट टॉप बॉक्स, बरेचसे आधुनिक अॅम्प्लिफायर यांच्या पॉवर सप्लायमध्ये फेज आणि न्यूट्रल (परतीची तार) दोन्हींकडून पत्र्याकडे एकेक छोटा कपॅसिटर असतो. अर्थ तुटली की पत्रा दोघांच्या मधोमध तरंगतो, म्हणजे मीटरवर ११५ व्होल्टच्या आसपास दिसतो. २२०० पिकोफॅरडच्या एका कपॅसिटरमधून २३० व्होल्टला सुमारे ०.१६ मिलिअँपिअर वाहतो. एवढ्याने इजा होत नाही. पण पट्टीने जोडलेल्या चार उपकरणांचा करंट एकत्र होतो आणि धातूला हात लावला की तो चांगलाच जाणवतो. ‘पावसात थोडा करंट येतोच’ असं म्हणून हे सोडून देतात. तो पावसाचा दोष नाही, तुटलेल्या अर्थचा पुरावा आहे.

आणखी एक सवय इथेच नोंदवायला हवी. स्पीकरमधून ‘घूं’ आवाज यायला लागला की ध्वनिवाले प्लगची अर्थची पिन काढतात किंवा आतली हिरवी तार सोडवतात. आवाज जातो, कारण दोन वेगळ्या अर्थबिंदूंमधून फिरणारा करंट थांबतो. त्याबरोबर मायक धरणाऱ्याचं संरक्षणही जातं. त्यावर खरा उपाय म्हणजे मिक्सर, अॅम्प्लिफायर, कीबोर्ड सगळं एकाच सॉकेटवरून घेणं. तरी आवाज राहिला तर सिग्नलच्या वायरीत ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घालणं. विजेच्या अर्थला हात लावायचा नाही.

निर्णय: दोन पदरी वायर आणि तीन पिनांचा प्लग ही जोडी सरसकट बाद. बोर्डाची पेटी चांगली असेल तर तीन पदरी वायर घालून परत.

२१ जुलै

उरलेल्या तीन पदरी वायरींची अर्थ मोजली. प्लगच्या जाड पिनेपासून प्रत्येक सॉकेटच्या जाड भोकापर्यंत. मल्टीमीटरच्या टोकांचा स्वतःचा रोध आधी वजा करायचा. १.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या मऊ वायरीला मीटरमागे फार तर ०.०१३३ ओहम. म्हणजे ५ मीटरला ०.०७ आणि जोडांचे थोडे. ०.२ च्या वर गेलं की उघडायचं. मोजताना वायर प्लगपाशी आणि बोर्डापाशी वाकवून हलवायची. आकड्याने उड्या मारल्या तर आत तार तुटली आहे आणि फक्त इन्सुलेशनने धरलेली आहे. अशा दोन वायरी सापडल्या, दोन्ही प्लगपासून बोटभर अंतरावर.

सभामंडपाच्या अर्थिंगबद्दल. जमीन चिऱ्याची. पावसाळ्यात खड्डा ओला असतो म्हणून रोध कमी दिसतो, एप्रिलमध्ये तोच वाढतो, तेव्हा जुलैचा आकडा वर्षभराचा धरायचा नाही. समजा अर्थचा एकूण रोध २० ओहम आहे. फेज पत्र्याला लागली तर वाहणारा करंट २३० भागिले २०, म्हणजे ११.५ अँपिअर. १६ अँपिअरच्या एमसीबीच्या दृष्टीने हा साधा लोड, ती कधीच पडणार नाही आणि पत्रा जिवंतच राहील. म्हणून अशा जमिनीत अर्थिंगबरोबर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी हवीच. तिला पत्र्यावरचा दाब ५० व्होल्टच्या वर जाण्याआधी पडायला १६०० ओहमची अर्थही पुरते. पण अर्थ हवी. अर्थ अजिबात नसेल तर आरसीसीबी माणसाला करंट लागल्यावरच पडते, आधी नाही.

२७ जुलै

आज फेज आणि न्यूट्रलची बाजू.

सॉकेटकडे समोरून पाहताना जाड भोक वर, उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल. प्लगचं झाकण काढून पिना पलीकडे तोंड करून धरल्या की तेच चित्र दिसतं: वर अर्थ, उजवीकडे फेज. पिना आपल्याकडे वळवून जोडायला बसलं की डावं उजवं बदलतं आणि बहुतेक उलट्या जोडण्या इथूनच होतात. प्लगच्या आत एल, एन आणि अर्थची खूण कोरलेली असते, ती वाचून जोडायचं. रंग: मऊ वायरीत तपकिरी फेज, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थ. जुन्या घरच्या वायरिंगमध्ये लाल, काळी, हिरवी. तारवट्यांनी (जहाजावर काम करणाऱ्यांनी) बोटीवरून आणलेल्या अमेरिकी वायरींत काळी तार फेज असते आणि पांढरी न्यूट्रल. तिथे इकडच्या सवयीने काळीला न्यूट्रल धरलं की सगळं उलटं. भिंतीतल्या रंगांवर तर कधीच विसंबायचं नाही. गुंडाळी संपली म्हणून हिरवी तार फेजला वापरलेली घरं आहेत.

उलट जोडणीने उपकरण चालतं, पण स्विच आता न्यूट्रल तोडतो. बोर्डावरचं बटण बंद, तरी आतल्या सगळ्या तारांवर फेज उभी. आट्यांच्या होल्डरमध्ये बाहेरच्या पितळी आट्या जिवंत होतात, आणि बल्ब फिरवताना बोट नेमकं तिथेच जातं. पाणी तापवायच्या रॉडचं बटण बंद करून बादलीत हात घालणाऱ्याला तर काहीच संरक्षण उरत नाही. रॉडच्या नळीला चीर असेल तर बंद रॉडही पाण्याला फेज देतो. रॉड वापरताना प्लग सॉकेटमधून बाहेर काढल्याशिवाय पाण्याला हात नाही, हे घरोघरी सांगत आहोत.

आता सर्वांत फसवा दोष. अर्थ न ओढलेल्या जुन्या सॉकेटमध्ये अर्थच्या स्क्रूपासून न्यूट्रलच्या स्क्रूपर्यंत तारेचा छोटा तुकडा टाकलेला असतो. तीन दिव्यांचा प्लगसारखा टेस्टर लावला की ‘बरोबर’ दाखवतो, कारण त्याच्या लेखी अर्थ आणि न्यूट्रल एकच. मागे कुठे न्यूट्रल सुटली, की फेज उपकरणाच्या मोटरमधून किंवा एलिमेंटमधून न्यूट्रलवर आणि त्या तुकड्यावरून थेट पत्र्यावर येते. उपकरण बंद पडल्यासारखं वाटतं आणि काय झालं म्हणून माणूस हात लावतो. त्याच सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रलही उलट असतील तर वाट पाहायचीही गरज नाही, प्लग घातल्या क्षणी पत्र्यावर २३० व्होल्ट. तीन दिव्यांचा टेस्टर तेव्हाही ‘बरोबर’च म्हणतो. त्याला फक्त तिन्ही भोकांमधला फरक कळतो, जमिनीशी काय नातं आहे ते कळत नाही.

हा दोष पकडायच्या दोन रीती. पहिली: स्वतंत्र, खात्रीच्या अर्थ इलेक्ट्रोडपासून एक लांब तार ओढायची आणि सॉकेटच्या जाड भोकापर्यंत व्होल्टेज मोजायचं. शून्याच्या जवळ हवं. २३० दिसलं तर मेन बंद करून सॉकेट उघडायचा. दुसरी: सॉकेटवर २००० वॅटचा हीटर चालू करून शेजारच्या सॉकेटात न्यूट्रल आणि अर्थ यांतलं व्होल्टेज पाहायचं. खरी अर्थ असेल तर न्यूट्रलमधल्या घसरणीमुळे एकदोन व्होल्ट दिसतातच. भरल्या लोडवरही अगदी ०.० दिसलं तर तुकड्याचा संशय धरून उघडायचं.

सभामंडपात स्टेजच्या डाव्या बाजूचा सॉकेट असाच निघाला. कव्हर लावून, लाल टेप मारून बंद ठेवला. भिंतीतल्या कायम वायरिंगला हात परवानाधारक वायरमननेच लावायचा. आमचं काम प्लगपासून पुढे.

३ ऑगस्ट

तारेची जाडी. मोजायची रीत: टोक सोलून तंतू मोजायचे, एका तंतूचा व्यास मायक्रोमीटरने. ०.२ मिलिमीटरचे १६ तंतू म्हणजे अर्धा चौरस मिलिमीटर, २४ म्हणजे पाऊण, ३२ म्हणजे एक. ०.२५ चे ३० म्हणजे दीड, ५० म्हणजे अडीच. दुकानात अजूनही १४/७६, २३/७६, ४०/७६ ही जुनी इंची नावं चालतात. त्यांतली १४/७६ जेमतेम ०.४ चौरस मिलिमीटर भरते, तीवर दिवा किंवा चार्जर याखेरीज काही लावायचं नाही.

साधारण भार: अर्ध्याला ४ अँपिअर, पाऊणला ७, एकला ११, दीडला १४, अडीचला १९. बोर्डाच्या प्लॅस्टिकवर काय छापलंय ते पाहायचं नाही. ढिगातल्या एका बोर्डावर ठळक ‘१६ अँपिअर’ आहे आणि आतली वायर अर्ध्या मिलिमीटरची.

लोक म्हणतात, जास्त झालं तर एमसीबी पडेल. नाही पडणार. एमसीबी भिंतीतल्या तारेच्या मापाची असते. १६ अँपिअरची एमसीबी १८ अँपिअरवर तासभर पडत नाही, २३ अँपिअरवर पडायला तिला एका तासापर्यंत मुभा आहे. आपल्याकडच्या प्लगमध्ये फ्यूजही नसतो. म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या वायरीला १३ अँपिअर दिला तर तिला वाचवणारं मध्ये कुणीच नाही. हिशेब असा: ५ मीटर वायर म्हणजे जाऊन-येऊन १० मीटर तांबं, मीटरला ०.०३९ ओहम, एकूण ०.३९. १३ चा वर्ग १६९. उष्णता ६६ वॅट, म्हणजे दर मीटरला १३ वॅट. साधं पीव्हीसी ७० अंशांपर्यंतचं. मऊ होतं, तारा एकमेकींकडे सरकतात, मग शॉर्ट. त्या शॉर्टवर एमसीबी पडेल, पण तोवर वायर ज्या चटईखालून नेली आहे ती चटई धुमसायला लागलेली असते.

ड्रमवर गुंडाळलेल्या वायरीचं वेगळं. २५ मीटर, दीड मिलिमीटर, २००० वॅटचा हीटर: करंट ८.७, एकूण उष्णता सुमारे ५० वॅट. पसरलेल्या वायरीत मीटरमागे दोन वॅट, हाताला कोमटही लागत नाही. तेच ५० वॅट गुंडाळीच्या पोटात अडकले की आतले थर वितळतात. ड्रम वापरायचा तर पूर्ण उलगडायचा.

याहून जास्त आगी लागतात सैल जोडांमुळे, आणि तिथे वायर कितीही जाड असली तरी उपयोग नाही. पिनेचा स्क्रू सैल, किंवा सॉकेटच्या पाकळ्या पसरलेल्या, तिथे ०.३ ओहमचा रोध तयार झाला की १० अँपिअरला ३० वॅट उष्णता एका बिंदूवर. सोल्डरिंगची इस्त्री २५ वॅटची असते. सगळ्या प्रकारचे प्लग घेणारे ‘युनिव्हर्सल’ सॉकेट यात पुढे, कारण त्यांच्या पाकळ्या कुठल्याच पिनेला नीट धरत नाहीत. किनाऱ्याकडच्या घरांतून आलेल्या बोर्डांत त्यावर आणखी हिरवा गंज. तो घासून परत बसवायचा नाही, सॉकेट बदलायचा.

लोडची चाचणी: तपासून पास झालेल्या प्रत्येक दीड मिलिमीटरच्या वायरीवर २००० वॅटचा हीटर अर्धा तास, मग प्लग, सॉकेट आणि मधल्या वायरीचं तापमान. खोलीपेक्षा ३० अंशांहून जास्त कुठेही गेलं तर ती जागा उघडायची. तपकिरी पडलेली पिन, करपल्याचा वास, बोर्डाच्या प्लॅस्टिकवर पिवळा डाग ही तीच गोष्ट आधीच सांगत असतात.

१० ऑगस्ट

नव्या वायरी बांधायला घेतल्या. एका बोर्डाचं साहित्य: तीन पदरी, १.५ चौरस मिलिमीटरची, वरून गोल आवरण असलेली तांब्याची मऊ वायर ५ मीटर. भरीव पितळी पिनांचा १६ अँपिअरचा प्लग. ६ अँपिअरचे चार शटरवाले सॉकेट, प्रत्येकाला बटण. १० अँपिअरची सी प्रकारची एमसीबी. २५ अँपिअर, ३० मिलिअँपिअर, दोन पोलची आरसीसीबी. जाड प्लॅस्टिकची बंद पेटी. वायर आत येते तिथे ग्लँड (वायर घट्ट धरणारी कडी). १० ची एमसीबी मुद्दाम. भिंतीत १६ किंवा २० ची असली तरी बोर्डाची वायर आता तिच्याच मापाच्या एमसीबीमागे राहते.

प्लग जोडताना बाहेरचं आवरण ४० मिलिमीटर सोलायचं. आतल्या इन्सुलेशनवर ब्लेडची रेघ उमटली तर ते टोक कापून पुन्हा. अर्थची तार इतर दोघींपेक्षा १० ते १२ मिलिमीटर लांब ठेवायची, म्हणजे वायर ओढली जाऊन पकड सुटली तर फेज आधी तुटते, अर्थ शेवटी. (प्लगची अर्थ पिनही याच विचाराने लांब असते: आधी लागते, शेवटी सुटते.) टोकं ८ ते १० मिलिमीटर सोलून तंतू पीळ द्यायचे, फेरूल घालून दाबायचं, मग स्क्रू. स्क्रूखाली फक्त धातू हवा, इन्सुलेशन नाही, आणि बाहेर एकही तंतू सुटलेला नको. तो सुटा तंतू झाकण बसवताना शेजारच्या पिनेला टेकतो.

टोकांना कथिल पाजून स्क्रूखाली घालायची पद्धत इथे फार आहे. ती बंद करायला हवी. दाबाखाली कथिल हळूहळू सरकतं, काही महिन्यांत स्क्रू सैल होतो आणि वर लिहिलेला ०.३ ओहम तयार होतो.

वायरीची पकड बाहेरच्या आवरणावरच बसली पाहिजे, आतल्या रंगीत तारांवर नाही. पकडीची पट्टी नाही म्हणून आत गाठ मारलेल्या वायरी बऱ्याच आल्या. गाठ पट्टीचं काम करत नाही, तिथे तार तीव्र वळते आणि तंतू एकेक करून तुटतात. शेवटी वायर हाताने जोरात ओढून पाहायची.

मेगर: फेज आणि न्यूट्रल एकत्र करून त्यांच्यात आणि अर्थमध्ये ५०० व्होल्ट, एक मिनिट. १ मेगओहमच्या खाली काही चालणार नाही, नव्या वायरीला १०० च्या वर यायला हरकत नाही. स्पाइकवाल्या (विजेच्या अचानक उसळीपासून वाचवणाऱ्या) बोर्डांना ५०० व्होल्ट लावायचे नाहीत. आतले व्हॅरिस्टर (ती उसळी शोषणारे भाग) त्या दाबाला वाहू लागतात आणि चांगला बोर्ड खराब दिसतो. तिथे २५० ची रेंज, किंवा व्हॅरिस्टर सोडवून. ओलीमुळे ०.२ ते ०.३ आलेले बोर्ड उघडून दिवसभर पंख्याखाली ठेवले. ज्यांचा आकडा चढला ते ठेवले. ज्यांचा चढला नाही त्यांच्या आत मुंग्यांनी आणलेली माती किंवा करपलेलं प्लॅस्टिक होतं. ते बाद.

१५ ऑगस्ट

दोन्ही टोकांना प्लग असलेली एक वायर आली. पावसात झाड पडून वीज गेली की इन्व्हर्टर किंवा जनरेटर घराच्या सॉकेटात जोडायला ही वापरतात. एक टोक जोडलं की दुसऱ्या टोकाच्या उघड्या पिना जिवंत. आणि मेन बंद करायला विसरलं तर वीज सर्व्हिस वायरीने बाहेर जाते, खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरमधून उलटी चढून ११ केव्हीच्या बाजूला हजारो व्होल्ट होते. लाइन बंद आहे या खात्रीने त्याच पावसात वीज खात्याचा माणूस त्या तारेवर काम करत असतो. वायर जागेवरच दोन तुकडे केली. मालकाला चेंजओव्हर स्विच बसवून घ्यायला सांगितलं, फेज आणि न्यूट्रल दोन्ही बदलणारा.

१७ ऑगस्ट

परदेशी प्लग. आखातातून आणि इंग्लंडहून आलेल्या मिक्सर, इस्त्री, हेअर ड्रायरचे चौकोनी पिनांचे प्लग. त्यांच्यात ३ किंवा १३ अँपिअरचा फ्यूज असतो आणि त्या उपकरणाची वायर त्या फ्यूजच्या भरवशावर बारीक असते. तो प्लग कापून इथला बसवला की फ्यूज गेला. अशा उपकरणांना प्लग तसाच ठेवून चौकोनी भोकांचा चांगला अॅडॉप्टर. अर्थच्या भोकात पेन खुपसून शटर उघडायचं आणि दोन पिनांचा प्लग ढकलायचा हा प्रकार लहान मुलांसमोर तर मुळीच नको.

युरोपातल्या गोल, दोन जाड पिनांच्या प्लगवर अर्थ असते, पण बाजूच्या पट्ट्यांवर. आपल्या सॉकेटात तो प्लग जातो, उपकरण चालतं, अर्थ मात्र कुठेच लागत नाही. शिवाय त्याच्या पिना ४.८ मिलिमीटरच्या, आपल्या ५.१. सैल बसतो आणि तापतो. पाहुण्यांना खोल्या देणाऱ्या दोन घरांना हे समजावलं. त्यांच्या किटल्यांना इथले तीन पिनांचे प्लग, तीन पदरी वायरीसह.

१६ अँपिअरचा प्लग ६ अँपिअरच्या सॉकेटात घालायचे कन्व्हर्जन प्लग सगळे बाद. गीझर, इंडक्शन, इस्त्री: पॉवर सॉकेट नसेल तर तिथे ते उपकरण नाही.

२४ ऑगस्ट

माटोळीची रोषणाई. ओली पानं, नारळ, सुपारीचे घड आणि ते बांधायला काही ठिकाणी लोखंडी तार. बारीक एलईडी माळांचं इन्सुलेशन त्या तारेने सहज कापलं जातं. माळा लाकडी चौकटीच्या वरच्या अंगाने, फळांना न टेकवता, कापडी पट्टीने बांधल्या. माळेत तुटलेला तुकडा काढून उरलेली जोडायची नाही: दिवे सिरीजमध्ये असतात, कमी झाले की उरलेल्यांवर दाब वाढतो आणि माळ तापते. सगळ्या माळा आरसीसीबीच्या बोर्डावरून, आणि बोर्ड माटोळीच्या खाली नाही. फळांतून आणि पानांतून पाणी ठिबकतं.

समईजवळून जाणारी वायर हलवली. चटईखालची वायर काढून भिंतीच्या कडेने नेली. दारातून ओलांडणारी वायर चौकटीच्या वरून. फुगडीच्या जागेत जमिनीवर एकही वायर नाही.

विहिरीवरच्या अर्धा अश्वशक्तीच्या पंपाला घरगुती प्लग होता, पडवीच्या कडेला, पागोळीखाली. तिथे निळा, झाकणाचा औद्योगिक प्लग-सॉकेट, १६ अँपिअर, तीन पिनी. सॉकेट जमिनीपासून दीड मीटर वर, तोंड खाली. वायर सॉकेटात शिरण्याआधी खाली झोळ दिला, म्हणजे पाणी वायरीवरून सॉकेटात न जाता झोळावरून गळतं.

आरसीसीबी: सगळ्यांचं टेस्ट बटण दाबून पाहिलं. बटणाने फक्त यंत्रणा चालते हे कळतं. ते आतल्या आत रोध जोडून फरक निर्माण करतं, अर्थ नसली तरी पडतं. त्यामुळे अर्थ वेगळी मोजलीच. टेस्टरवर ३० मिलिअँपिअरला सगळ्या ३०० मिलिसेकंदांच्या आत पडल्या. एक वगळता. ती बदलली. आरसीसीबी फेज आणि न्यूट्रल दोन्हींना एकाच वेळी हात लागला तर पडत नाही, हे बोर्डाच्या पेटीवर आतून चिकटवलेल्या कागदावर लिहिलं आहे.

वाटप झालं. प्रत्येक बोर्डावर क्रमांक, वायरीची जाडी आणि किती वॅटपर्यंत लावायचं ते मोठ्या अक्षरांत: दीडच्या १० अँपिअर एमसीबीवाल्यांवर एकूण २००० वॅट. ध्वनियंत्रणेचा बोर्ड वेगळा, त्यावर किटली नाही. स्टेजच्या डाव्या बाजूचा सॉकेट अजून लाल टेपखाली. वायरमनने विसर्जनानंतरची तारीख दिली आहे, तोवर स्टेजला वीज उजव्या बाजूच्या सॉकेटवरून २.५ मिलिमीटरच्या वायरीने.